चार बोटं

मुलीचे गुडघे सरळ होत नव्हते, म्हणून सुताराने तिच्या कापड बेतायच्या टेबलाचे पाय चार बोटं कापून टाकले होते. “चालतेय ना, मग ऑपरेशन कशाला?” ठणठणीत गुडघ्यांचे नातेवाईक म्हणाले आणि त्यानेही मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी डोलावली नाही. त्यांनी गुडघ्यांच्या वर हाडातून पाचरीसारखा तुकडा कापून काढला आणि पाय सरळ बसवले. सहा महिने पोरीने दातओठ खात व्यायाम केला. आज ती टेबलापाशी ताठ उभी राहिली, तर टेबल बुटकं पडलं. रंधा मारलेली फळी तपासावी तसं सुताराने एक डोळा मिटून तिच्या पायांकडे बघितलं. कुठेच बाक नव्हता. “बाई माझ्याहून पक्क्या सुतार निघाल्या. तुला नवं टेबल करतो.” “कशाला, बाबा?” तिने खाटेखालून पिशवी ओढली. आत कापलेले चारही तुकडे होते. “तेव्हाच उचलून ठेवलेत मी. जोडा.”