सहा महिन्यांपुरतं कण्हणं

गोकुळनं आईचा फोटो हारासकट भिंतीवरून उतरवला आणि धान्याच्या कोठीमागं ठेवला. अकरा वाजता कंपनीचा व्हिडिओ कॉल होता, आणि अकरा वाजता आई जिवंत असणं गरजेचं होतं.

नियम साधा होता. घरी आजारी आई-वडील असतील तर सहा महिने गावातून, राहूतूनच काम करा. नसतील तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. म्हणजे घराला कुलूप. या घराला कुलूप कधी लागलंच नव्हतं. असलंच तर ते कुठं ठेवलंय, हे आईलाच ठाऊक.

शेजारच्या वच्छलामावशी आईची शाल पांघरून खाटेवर आडव्या झाल्या.

"मावशी, बोलायचं न्हाई. नुसतं कण्हायचं."

"किती?"

"सहा महिन्यांपुरतं."

स्क्रीनवर एचआरच्या शीतल मॅडम आल्या. "काकू, काय त्रास होतोय तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?" मावशी उठूनच बसल्या. "ह्याच्याकडं बघा. चूल पेटवत न्हाई, बिस्किटावर जगतंय. दिसभर त्या डब्याशी इंग्रजी बोलतंय, आन् लाइट गेली की भिंतीशी मराठी."

गोकुळ खोकला. मावशींना आठवलं. त्या कण्हल्या, चांगलंच कण्हल्या. पण तोवर मॅडम काहीतरी टाइप करत होत्या.

"मग यांच्याकडं लक्ष कोण देतं?"

"मी हाय की. आई कशाला असती?"

कॉल संपला. मावशींनी शालीची घडी घालून उशाशी ठेवली.

"जमलं का रं?"

"बघू."

"बरं. म्हशीला पाणी दाखवायचंय," म्हणून त्या गेल्या.

दुपारी मेल आला. घरून काम, सहा महिने मंजूर. खाली दोन रकाने होते.

रुग्ण : गोकुळ.

देखभाल करणारी व्यक्ती : आई.

त्याखाली दोन बटणं होती, 'दुरुस्ती करायची आहे' आणि 'माहिती बरोबर आहे'. खोटी माहिती दिल्यास कारवाई होईल, असंही बारीक अक्षरात होतं.

गोकुळनं ते दोनदा वाचलं. मग उठून कोठीमागचा फोटो काढला, शर्टाच्या बाहीनं पुसला, परत खिळ्याला अडकवला आणि हार सरळ केला.

खुर्चीत येऊन बसला, आणि 'माहिती बरोबर आहे' दाबलं.