अकरा पिवळ्या टोप्या

दुपारच्या वर्गाला अकरा मुलं होती आणि तरणतलावात अकरा पिवळ्या टोप्या वरखाली होत होत्या. उंच खुर्चीवरच्या जीवरक्षकाने बोट डावीकडून उजवीकडे फिरवत त्या मोजल्या. दर अर्ध्या मिनिटाला तो मोजायचा. नव्याने कामाला लागणाऱ्यांनाही तो हेच सांगे, "लक्ष म्हणजे खोडकर वासरू. दावं सैल सोडलंत की गेलंच. मोजत राहा." सोळा वर्षांत त्याच्या पाण्यात कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

काठावरची फरशी पुसणारी मावशी मध्येच थांबली. "अहो दादा, शिडीखाली तळाला काय पडलंय ते? टोपी का कुणाची?"

"पडली असेल. वर्ग सुटला की काढतो."

त्याने पुन्हा मोजलं. दोरीला लोंबकळणारे दोघे भाऊ, मध्ये गलका करणारं टोळकं, शिडीपाशी एक. अकरा.

"दादा," मावशीचा आवाज एकदम बारीक झाला, "टोपीखाली केस आहेत हो."

पुढचं सगळं त्याला तुटक तुटकच आठवतं. कानात शिरलेलं पाणी. हाताला लागलेलं काडीसारखं मनगट. जांभळे पडलेले ओठ. त्याने श्वास फुंकला, छाती दाबली, पुन्हा फुंकला. अखेर मुलीने पाणी ओकलं, ती खोकली आणि रडायला लागली, तशा शिकवणाऱ्या बाई त्याच्याकडे वळल्या.

"लक्ष कुठे होतं तुमचं?"

"पाण्यावरच. आत्ता मोजली मी. पूर्ण अकरा."

तो खोटं बोलत नव्हता. बाकीची दहा मुलं काठावर कुडकुडत उभी होती, आणि शिडीपाशी डुलणारी ती टोपी त्याच्या डोळ्यांसमोर अजून जशीच्या तशी होती.

तिसऱ्या दिवशी तो मुलीला बघायला दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"एकाच गोष्टीकडे फार वेळ बघत राहिलं ना, की मेंदू थकतो," ते म्हणाले. "मग तो नवं बघत नाही, मघाचंच पुन्हा दाखवतो. डोळे मात्र उघडेच असतात. मनाला लावून घेऊ नका."

त्याच्या जिवात जीव आला. म्हणजे ती बुडाली तेव्हा त्याला ती दिसलीच नव्हती.

मुलीच्या खोलीत शिरताच तिच्या आईने त्याचे दोन्ही हात धरले. "देवासारखे धावून आलात हो!" त्याने संकोचून हात सोडवून घेतले. मुलगी उशीला टेकून बसली होती आणि त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"मी हात वर केला होता, काका."

"कधी गं?" आईने विचारलं.

"बुडताना. शिडीपाशी. काकांनी बघितलं माझ्याकडे. मला वाटलं, आता येतील."

"घाबरलं की वाटतं गं असं, बाळा."

"नाही आई, खरंच. ते माझ्याकडे बघून हसले." मुलीने बोट केलं. "बघ ना, आत्ता हसतायत, अगदी तस्सेच."

त्याने तोंडावर हात नेला. ओठ ताणलेले होते.