टेकडीभोवतीचं वर्तुळ

“मेरिन, तुझं वर्तुळ फळलं गं!”

गार्थचा आवाज फोनमधून असा उसळला की मेरिन वृद्धाश्रमातल्या आईच्या खोलीतून उठून व्हरांड्यात आली. ऐन उन्हाळ्यातलं फेब्रुवारीचं ऊन बेंडिगो शहराच्या रस्त्यांवरून वाफाळत होतं. घरं विकून देणाऱ्या त्यांच्या कचेरीत जाहिरातींचं काम मेरिनचं. महिन्यापूर्वी तिनेच नकाशावर या टेकडीवरच्या वृद्धाश्रमाभोवती एक वर्तुळ काढलं होतं. त्याच्या आत बसून कुणी फोन उघडला, की पडद्यावर एक पिवळं घर यायचं. खाली ओळ: ‘आईचं घर रिकामं पडून आहे? आज त्याला काय भाव येईल, फुकटात जाणून घ्या.’ भेटीला येऊन कंटाळलेल्या मुलामुलींसाठी होतं ते. पासष्टच्या पुढची माणसं तिने वगळली होती. तेवढी लाज राखली होती.

“अर्ज भरून धडाधड नावं येताहेत,” गार्थ म्हणाला. “त्यातलं एक तर पिकलेलं फळ, हात लावला की पडेल. बाई स्वतःच मालकीण. सकाळी बोललो मी तिच्याशी. मुलीला विकायचंय, पण ती भिडस्त, तिला बोलवत नाही, असं म्हणाली. किल्ली मुलीकडेच असते. मुलीचा नंबर मात्र दिला नाही; तो मिळवून तिला फोन तू कर. बाईमाणसाशी बाईमाणूस बरं.”

“नाव काय?”

“नोला ट्रेव्हिन. बँक्सिया रस्ता.”

मेरिनचं माहेरचं आडनाव गार्थला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

“करते,” ती म्हणाली आणि फोन बंद केला.

आत आई उशीला टेकून बसली होती. मांडीवर टॅब, त्यावर अर्धवट सुटलेलं शब्दकोडं. नाताळात मेरिननेच तो आणून दिला होता. आईच्या लक्षात काही राहायचं नाही, म्हणून आपल्याच नावाने, आपलीच जन्मतारीख घालून चालू करून दिला होता. ते आत्ता, दारातच, तिला आठवलं.

“चहा निवला तुझा,” आई म्हणाली. “कचेरीचा फोन ना?”

“हो. आई, तू... तू काही भरून पाठवलंस का?”

“पाठवलं की.” आईने चष्मा काढून झग्याच्या कडेला पुसला. “रोज यायचं ते पिवळं घर, कोड्याच्या खाली. आधी वाटलं, माझ्या आईचं घर विचारताहेत. म्हटलं, अरे, ते तर धरणात गेलं, मी शाळेत असताना! मग कळलं, आई म्हणजे मी.”

“आई, नुसती जाहिरात असते ती. कुणालाही येते.”

“कुणालाही कशी येईल? समोरच्या खोलीतल्या डोरीनच्या मुलालाही आली. तिच्या उशाशी बसून भरत होता मेला. ती म्हणाली, काय करतोस रे? तर म्हणे, क्रिकेटचा स्कोअर बघतोय.” आई हसली. हसताना कंबर दुखली तशी थांबली. “आणि खाली तुमच्याच कचेरीचं नाव. म्हणून तर मला भरवसा वाटला.”

मेरिन खुर्चीवर बसली. ‘कमरेचं मोडलेलं हाड जुळलं की ईस्टरला घरी’ हे वाक्य ती दर रविवारी या खुर्चीवर बसून बोलत आली होती. घरच्या लिंबाच्या झाडाला पाणी घातल्याचंही सांगायची. हाड जुळणार नाही, हे डॉक्टरांनी फक्त तिला सांगितलं होतं.

“तुला तोंडाने सांगवेना,” आई म्हणाली, “म्हणून तू हे असं पाठवलंस. मला समजलं गं. राग नाही आला. दोन दिवस जरा जेवण गेलं नाही, एवढंच.”

“मी तुला नव्हतं पाठवलं.”

“मग कुणाला?”

व्हरांड्यातून फुलांचा गुच्छ घेतलेला एक माणूस फोनकडे बघत गेला. मेरिनची नजर त्याच्यामागे गेली.

“तुझं नाव नाही घेतलं मी त्या गार्थपाशी,” आई म्हणाली. “कचेरीत उगाच चर्चा नको. गोड बोलतो हो मेला. म्हणाला, ज्यांची वेळ आलीय, त्यांनाच आम्ही दाखवतो.”

“तो असं म्हणाला?”

“म्हटलं, बरोबर आहे.”

आईने बशीतलं बिस्कीट उचललं, चहात बुडवलं आणि मेरिनपुढे धरलं. मेरिनने ते घेतलं.

“एकाच ठिकाणी अडले बघ. घर कधी विकायचं, असं विचारलं होतं. तीन महिन्यांत, सहा महिन्यांत, की वर्षभरात. आता मला काय माहीत? नर्सबाईला विचारलं, माझे किती महिने राहिलेत गं? तर ती माझा गाल ओढून म्हणे, असं बोलू नये, राणी. मग मी आपलं तीनवर बोट ठेवलं.”

मेरिनच्या हातातलं बिस्कीट मऊ होऊन वाकलं.

आई पुढे झुकली. आवाज खाली आणून, लहानपणी वर्गाबाहेर सोडताना विचारायची तसं तिने विचारलं,

“तुला फार लांब वाटत असेल तर सांग हं. बदलता येतं म्हणे.”