गाण्याखालचा आवाज

टेसाने आपल्या व्हॉलीबॉल सामन्यांचा व्हिडिओ झकास गाणं चढवून कॉलेजांना धाडला होता. खेळाची शिष्यवृत्ती मिळाली तरच पुढचं शिक्षण होणार होतं. एकट्या ओमाहाच्या कॉलेजच्या प्रशिक्षिकेचं उत्तर आलं: "गाणं काढ. तू मागच्या फळीत खेळतेस. मैदानात हाका देतेस की नाही, ते ऐकायचंय." टेसाने मूळ चित्रण लावलं. चित्रण नेहमी बाबाच करायचा. बाकीचे बाप ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. हा मात्र मूग गिळून बसायचा. तिला रागच यायचा. चित्रणात तिचा आवाज खणखणीत होता: "माझा! माझा!" पण चेंडूमागे झेपावून ती आपटली, की कॅमेऱ्यालगत कुणीतरी पुटपुटायचं. तिने आवाज वाढवला. बाबाच होता. "ऊठ, पिल्ला. बघतोय मी." मागे येऊन उभा राहिलेला बाबा ओशाळला. "माझी बडबड काप गं." "कापली," म्हणत टेसाने गाणं काढलेला व्हिडिओ होता तसाच धाडला.