लहानपणचं माणूस

“लहानपणी कसे होते हे?” डॉक्टरबाईंनी सुताराच्या ताईला विचारलं आणि त्याने मान खाली घातली.

या एका प्रश्नापायीच तो सरकारी दवाखान्यात यायचं टाळत होता. खासगी दवाखान्यात परवाचीच वेळ मिळत होती आणि आजाराचं निदानही त्याच संध्याकाळी. शिवाय तिथल्या मुलीने फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, “सोबत कुणाला आणायची गरज नाही, सर.” इथे नंबर लागायला पाच महिने, वर अट अशी, की लहानपणापासून ओळखणारं घरचं एखादं माणूस सोबत हवं. आईवडील केव्हाच गेले होते. उरली थोरली ताई. तिने तोंड उघडलं की आपला पंचनामाच होणार, अशी त्याला धास्ती होती.

“औषध वर्षानुवर्षं लागलं तर खासगीत कुठवर झेपेल?” बायको म्हणाली होती. “आणि ते तुला एका तासात काय ओळखणार? ताईंना फोन लाव.”

पण पाच महिने म्हणजे तोवर हातचं काम राहतं की जातं! एकही काम पुरं होत नव्हतं; कुणाचं कपाट दाराविना उभं, कुणाचा पलंग तीन पायांवर. कारखान्याच्या मालकाने शेवटचं बजावलं होतं. दोन दिवस मनाची नुसती ओढाताण झाली. शेवटी त्याने फोन लावला. ताईने कारणसुद्धा विचारलं नाही. “कधी यायचं तेवढं सांग,” म्हणाली. पाच महिने मग बायकोने रोज सकाळी आठवण करून देऊन त्याचं काम टिकवलं होतं.

आता ताई खुर्चीत सावरून बसली.

“मीठ आणायला पाठवावं,” ती म्हणाली, “तर हा तासाभराने यायचा. हातात मीठ नाही, पैसे नाहीत आणि तोंडभर ग्रीस. वाटेत कुणाच्या तरी सायकलची चेन बसवत बसलेला.”

डॉक्टरबाई हसल्या. सुताराचे कान तापले.

“मग घरी ओरडा बसायचा?”

“बसला असता. पण मीठ मी आणलेलं असायचं.”

“तुम्ही?”

“हा निघाला की मीही निघायचे ना मागोमाग. लांबून. याला पत्ताच नसायचा.”

सुताराने झटकन वर पाहिलं.

डॉक्टरबाईंनी पुढेही बरंच विचारलं. शाळेतलं, घरातलं, कामावरचं. त्यालाही विचारलं, तिलाही. कसलीच घाई केली नाही. शेवटी पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, “तुम्ही आळशी नाही आणि बेफिकीरही नाही. याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं. लहानपणापासूनच आहे तुम्हाला. औषध सुरू करू या, हळूहळू फरक पडेल.” मग ताईकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही आलात ते फार बरं झालं. इतकं स्वच्छ सांगणारं माणूस क्वचित मिळतं.”

औषधाच्या खिडकीसमोर ही गर्दी होती. दोघं बाकावर टेकली. इतकी वर्षं सुताराला वाटत होतं, की आपल्या मागे लोक फक्त नावं ठेवतात.

“ताई,” तो म्हणाला, “दर वेळी यायचीस?”

“दर वेळी.”

“मग हाक का नाही मारलीस कधी?”

“हाक कशाला मारू?” ताई म्हणाली. “इतका रमलेला असायचास. मलाच तिथं बघत उभं राहावंसं वाटायचं.”

खिडकीतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. परत झाला. त्याला ऐकू आला नाही. तो ताईकडे बघत होता.