बाहेरची वाट

अकरा वाजून गेले तरी मक्यातून एकही माणूस बाहेर पडलं नव्हतं. आत गेली होती चांगली चाळीसेक. इरेना स्टॉलवर उभी होती. समोर सफरचंदांच्या टोपल्या, भोपळ्यांचा ढीग, सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या ताज्या रसाच्या बाटल्या आणि गार होत चाललेले डोनट. ऑक्टोबरचा पहिला शनिवार, हंगामाचा पहिला दिवस, आणि स्टॉलपुढं काळं कुत्रं फिरकत नव्हतं.

मक्याच्या शेतातला, लोकांनी गंमत म्हणून हरवायचा भुलभुलैया दरवर्षी तिचे वडील झिगमंड आखायचे. कागदावर एक रेघ नाही, सगळं डोक्यात. आतल्या वाटा जूनमध्ये, मका गुडघ्याएवढा असतानाच कापायचे. बाहेर पडायची वाट मात्र सप्टेंबरात, मका डोक्याच्या वर गेल्यावर. ती आधी कापली तर हरणं आणि गावातली कार्टी दोन्ही टोकांनी शिरतात, असं त्यांचं म्हणणं. ही वाट बरोबर स्टॉलच्या तोंडाशी निघायची. दमलेल्या माणसाला समोर डोनट दिसला की ते जातंय कुठं! एवढ्या उंच मक्यातून स्टॉल नेमका कसा सापडतो, असं कुणी विचारलं की झिगमंड म्हणायचे, "कानानं." लोक हसायचे. त्यांची बायको, इरेनाची आई ब्रोनिया, सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

ब्रोनिया मार्चमध्ये गेली. तिच्या जागी आज पहिल्यांदाच इरेना उभी होती. एरवी ती ऑल्बनी शहरात शाळेत शिकवायची आणि जमेल तशी सुट्टीला यायची. हल्ली बाबा शेजाऱ्यांची नावं विसरायचे, चहा दोनदा करायचे. तिनं त्यांना सांगून टाकलं होतं, "हा एक हंगाम बघू. झेपलं नाही तर शेत बंद, आणि तुम्ही माझ्याकडं यायचं." त्यांनी मान डोलावली होती. ऑल्बनीच्या तिसऱ्या मजल्यावर हा माणूस काय करणार, हे तिलाही कळत नव्हतं.

रस्त्याच्या बाजूनं एक जण पोराला खांद्यावर टाकून तणतणत आला.

"अहो बाई, बाहेर पडायला वाटच नाहीये! पोरगं रडून रडून झोपलं. शेवटी आत शिरलो तिथूनच परत आलो. आणखी थोडा वेळ राहिलो असतो तर तिथंच त्याचं लग्न लावावं लागलं असतं!"

इरेना वळली. बाबा शेजारीच भोपळे पुसत बसले होते.

"बाबा, बाहेरची वाट कापलीत ना?"

त्यांनी मक्याकडं पाहिलं. मग कमरेला कोयता अडकवला, "आलोच," म्हणाले आणि रस्त्याकडच्या तोंडानं आत गेले.

साडेबारापर्यंत सगळी माणसं कुरकुरत आल्या वाटेनं परतली. बाबा तेवढे आले नाहीत.

इरेना गवताच्या गाडीवर चढली, गाठोड्यांवर उभी राहिली. पिकलेल्या मक्यात बाबांची नारिंगी टोपी दिसली. फार लांब नव्हती. सगळ्या वाटा जिथं एकत्र येऊन संपत होत्या तिथं ती होती, आणि हलत नव्हती.

"बाबा! मी इथंय! सरळ मक्यात घुसा, या असे!"

टोपीशेजारी हात वर झाला. "गप गं! ऐकू दे!"

"काय ऐकू दे? बाबा, चला ना!"

तिनं ओरडून पाहिलं, विनवून पाहिलं. खाली लोक जमले. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. एका बाईनं फोन काढून चित्रण सुरू केलं. इरेनाला रडू फुटायला लागलं. ती गाडीवरून उतरून मक्याकडं धावली, दोन ताटं बाजूला सारली, तोच आतून आवाज आला.

"आत येऊ नकोस! स्टॉलपाशी थांब! जागा सोडू नकोस!"

लहानपणी दचकायची तशीच ती दचकली आणि मागं सरली. आत जाऊन त्यांना ओढून आणायचं? आणि तेही आत्ता, या सगळ्यांसमोर? वडील हातातून निसटताना दिसत होते आणि तिला एकही गोष्ट सुचत नव्हती. स्टॉलमागच्या खिळ्याला आईचं जुनं पातेलं लटकत होतं, बुडाला पोचे आलेलं. जेवायला हाक मारताना आई ते वाजवायची. जेवायची वेळ झालीच होती. दुसरं काहीच हातात नाही म्हणून इरेनानं ते काढलं आणि डाव घेऊन बडवायला लागली.

तिसऱ्या ठोक्याला मका हलला.

कोयत्याचा आवाज आला. एकसारखा, न थांबता. ताटं पडत गेली, आणि दोरी लावल्यासारखी सरळ वाट थेट स्टॉलच्या तोंडाशी येऊन उघडली. बाबा बाहेर आले. टोपीवर मक्याच्या शेंड्या होत्या, तोंड घामानं निथळत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "म्हातारा नाटकी आहे हं!" कुणीतरी म्हणालं. पोरं त्या नव्या वाटेनं आत पळाली.

बाबांचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. ते इरेनाजवळ आले. त्यांनी तिच्या हातातल्या पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवलं. तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही.

"कुठं होतीस गं ब्रोनिया?" ते म्हणाले. "महिना झाला, रोज जाऊन तिथं उभा राहतोय. तू वाजवतच नाहीस."