जुलैतलं थँक्सगिव्हिंग

आजारी व्हर्लिन ऑगस्टच्या पुढे जगणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच्या मुलीला, डार्लाला, बाजूला घेऊन सांगितलं. बापाला काही न कळवता तिने तिन्ही भावांना फोन केले आणि अख्खं कुटुंब एकत्र जमून टर्की खातं ते नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण जुलैतच घालायचं ठरवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच सगळे नेब्रास्कातल्या बापाच्या घरी जमले. बाहेर शेतात मका डोक्याइतका उंच वाढला होता, आत उकाड्यात टर्की भाजत होती. टेबल पुरेना, म्हणून नातवंडं ताटं घेऊन जिन्यात बसली.

"जुलैत टर्की?" व्हर्लिनने विचारलं.

"सगळ्यांना रजा आत्ताच मिळाली, बाबा," डार्ला खाली बघत म्हणाली.

तो पोटभर जेवला, भावाभावांच्या थट्टेत हसलाही. जेवणानंतर डार्लाने त्याला हाताला धरून खोलीत नेलं, अंगावर पांघरूण घातलं.

"डॉक्टर माझ्याशीही बोललेत, पोरी," तो म्हणाला.

डार्लाला रडू आवरेना. त्याने तिच्या हातावर थोपटलं.

"तुझी आई दर वर्षी तुम्हा चौघांची ताटं मांडून वाट बघायची. असे सगळे येता हे माहीत असतं, तर ती होती तेव्हाच आजारी पडलो असतो."